आडवाटेची पायगाडी : ठाणे–कल्याण परिसर आणि डोंगरी सायकलीचा उगम

यंत्रांच्या इतिहासात जन्मतिथी क्वचितच नेमकी सापडते. डोंगरी सायकलीच्या बाबतीत मात्र ती वार-तारखेसह सांगितली जाते. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात, फेअरफॅक्स या गावाबाहेरच्या डोंगरउतारावर काही तरुणांनी जुन्या, अवजड सायकलींची शर्यत लावली, आणि आज ‘माउंटन बाइक’ या नावाने जगभर ओळखले जाणारे वाहन त्या शर्यतीतून उदयास आले, असा सर्वमान्य समज आहे. हा समज निराधार नाही. तथापि, तो जसाच्या तसा स्वीकारू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे एक अडचण उभी राहते. खडबडीत, अरुंद, चढउतारांच्या वाटेवर सायकल चालवणे हा मरिनच्या तरुणांचा शोध खचित नव्हता. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील गावांत त्यापूर्वी कित्येक वर्षे हा रोजचा व्यवहार होता. त्याला कोणी विशेष नावही दिले नव्हते. मग सायकलीच्या घडणीत जे स्थित्यंतर मरिनमध्ये सात-आठ वर्षांत घडून आले, ते येथे का घडले नाही? किंवा काही घडले असेल, तर त्याची नोंद कोठे आहे? प्रस्तुत निबंधाचा विषय हा आहे.

प्रथम शब्दाचा विचार करणे उचित होईल. आडवाट म्हणण्यासाठी आधी वाट असावी लागते. सायकल जन्मास आली तेव्हा जगातील बहुतेक रस्ते आजच्या अर्थाने आडवाटाच होते. जॉन केंप स्टार्ली याची ‘रोव्हर’ सेफ्टी सायकल १८८५ ची आणि डनलॉप याचे हवा भरलेले टायर १८८८ चे. ही दोन्ही साधने खडी, धूळ आणि चिखल यांच्यासाठीच निर्माण झालेली होती. किंबहुना हवेच्या टायरची गरजच मुळी खडीमुळे भासली. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत इंग्लंडातील रस्ते डांबरी होत गेले आणि तेथील वेगवान सायकल हलकी, आखूड व उभट बनली. जुन्या धर्तीची ‘रोडस्टर’ मात्र मागे राहिली आणि ती मोठ्या प्रमाणावर वसाहतींकडे रवाना होऊ लागली. हिंदुस्थानात आली ती ही सायकल : २८ × १½ इंची टायर, लोखंडी रिम, सळयांचे ब्रेक, बावीस किंवा चोवीस इंची फ्रेम, हँडलाच्या नळीचा सुमारे ६७ अंशांचा ऐसपैस कल, दोन चाकांतील अंतर लांब, एकच गती आणि सर्व सरंजामासह वीस किलोच्या आसपास वजन. पुढील चिमट्याचा बाक मोठा असल्यामुळे खड्ड्याचा हिसका हातापर्यंत येताना बराच निवे. इंग्लंडात जे मागासलेपण ठरले होते, ते येथील रस्त्यांना अनुरूप होते.

येथील रस्त्यांची स्थिती काय होती, हे सरकारी दप्तरावरूनच कळते. १९२७ मध्ये मुकुंदराव रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था अस्तित्वात आली. १९४३ च्या नागपूर योजनेने रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्राम अशी उतरंड प्रथमच निश्चित केली. या उतरंडीतील शेवटची पायरी म्हणजे मुरमाची वाट. सायकलीचा खरा संसार या शेवटच्या पायरीवरच चालला.

ठाणे जिल्ह्यात ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसते. १६ एप्रिल १८५३ रोजी आगगाडी ठाण्यास पोहोचली आणि दुसऱ्याच वर्षी कल्याणास. कल्याणहून एक फाटा थळ घाटाकडे व दुसरा भोर घाटाकडे गेला. लोखंडी रुळांच्या जोडीने आग्रा रोडसारखा जुना हमरस्ता होता. परंतु या दोन रेषांपासून मैल-दोन मैल आत शिरले की सारे मुरूम, भातखाचरांचे बांध आणि ओढ्यातील गोटे. डोंबिवलीच्या पूर्वेस काटई, निळजे, खोणीकडे, कल्याणच्या दक्षिणेस मलंगगडाच्या पायथ्याकडे किंवा मुरबाडच्या दिशेने जाणाऱ्यास स्टेशन ते घर हे अंतर पायी तरी तोडावे लागे, नाहीतर सायकलने. म्हणून सायकल येथे आगगाडीची पुरवणी झाली. गाडी गाठण्यासाठी पहाटे निघालेला कामगार सायकल स्टेशनजवळच्या सायकल स्टँडवर ठेवी आणि रात्री परतताना तीच सायकल काळोखात बैलगाडीच्या चाकोऱ्यांमधून हाकी. चाकोरी या शब्दाचा लाक्षणिक अर्थ आज एवढा रूढ झाला आहे की मूळ अर्थ विसरला जातो. चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकाने कोरलेली घळ. सायकलस्वाराने दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावरून चालावे. चाक चाकोरीत उतरले की हँडल हातचे जाते. चाकोरीबाहेर चालणे ही येथे अक्षरशः गरज होती.

पावसाळ्यात हा प्रवास आणखी बिकट होई. सळयांच्या ब्रेकची रबरी गुटके लोखंडी रिमवर घासतात आणि ओली लोखंडी रिम जवळजवळ काहीच धरत नाही. उतारावर पायातील चपलेचा तळ पुढच्या चाकावर दाबून गती आवरणारे सायकलस्वार सर्वत्र दिसत. मडगार्ड आणि टायर यांच्या मध्ये लाल चिखल बसून चाक अडे, तेव्हा काडीने तो खरवडून काढावा लागे, आणि गुडघाभर पाण्यातून सायकल खांद्यावर घेऊन जावे लागे. यांपैकी एकही अडचण मरिनच्या तरुणांना अपरिचित नव्हती. दोन्हीकडे अडचणी जवळजवळ सारख्या होत्या. उत्तरे मात्र भिन्न निघाली.

‘पहिला कोण’ या प्रश्नात फार शिरण्याचे कारण नाही. १८९७ मध्ये अमेरिकी सैन्याच्या पंचविसाव्या पायदळातील कृष्णवर्णी सैनिकांची एक तुकडी मिझूला येथून सेंट लुइसपर्यंत सुमारे १,९०० मैल सायकलींवरून गेली होती. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगारा या तिघांनी ती मार्च १९२८ मध्ये पूर्ण केली. त्यांच्या मार्गात मेसोपोटेमियाचे वाळवंट होते आणि आल्प्सही होता. फ्रान्समध्ये १९५१ पासून काही वर्षे वेलो क्रॉस क्लब पारिझिएँ या मंडळाने रानवाटांवर सायकली पळवल्या, आणि इंग्लंडात १९५५ मध्ये रफ स्टफ फेलोशिप स्थापन झाली. या सर्वांनी आडवाट तुडवली. मात्र त्यांपैकी कोणाच्याही प्रयत्नातून सायकलीची नवी जात निर्माण होऊन बाजारात रुजली नाही. मरिनचे वैशिष्ट्य येथे आहे.

मरिनमधील प्रकरणाचा प्रारंभ भंगारातून झाला. १९३३ मध्ये श्विन या अमेरिकी कंपनीने २६ × २.१२५ इंचांचे जाड, ‘फुगे’ टायर सायकलींना बसवण्यास प्रारंभ केला. या सायकली मुलांसाठी आणि घरोघर वर्तमानपत्रे टाकणाऱ्या पोरांसाठी होत्या : जड, दणकट, मागच्या चाकाच्या हबमध्येच ब्रेक असलेल्या. पायडल उलटे फिरवले की हबमधील ब्रेक लागे. चाळीस वर्षांनी त्या कवडीमोल झाल्या. जो ब्रीझ याने १९७३ मध्ये अशी १९४१ ची एक सायकल अवघ्या पाच डॉलरांना विकत घेतली. तो, गॅरी फिशर, ओटिस गाय हे सारे हमरस्त्यावरच्या शर्यतींत भाग घेणारे कसलेले सायकलपटू होते. तमाल्पाइस पर्वतावर या भंगार सायकली घेऊन जाणे हा त्यांचा विरंगुळा होता. १ डिसेंबर १९७४ रोजी मिल व्हॅली येथे झालेल्या सायक्लोक्रॉस स्पर्धेत क्युपर्टिनोहून आलेल्या काही तरुणांच्या जाड टायरच्या सायकलींना गिअर बसवलेले त्यांनी पाहिले. क्युपर्टिनोचे ते तरुण पुढे या इतिहासातून दिसेनासे झाले, पण कल्पना मागे राहिली. १९७५ च्या सुमारास फिशरने आपल्या श्विनच्या फ्रेमवर गिअर, जोडसायकलीचे ड्रम ब्रेक आणि मोटारसायकलीच्या ब्रेकच्या मुठी बसवल्या.

मग १९७६ ची ती शर्यत. मार्ग सुमारे सव्वातीन किलोमीटरचा आणि उतार सुमारे चारशे मीटरचा. आगीच्या वेळी बंब नेता यावेत म्हणून जंगलातून काढलेला कच्चा रस्ता. चार्ली केली याने स्पर्धकांना दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडण्याची आणि वर व खाली अशा दोन घड्याळांवर वेळ मोजण्याची पद्धत बसवली. पहिल्या शर्यतीत अॅलन बाँड्स जिंकला. उतारावर सतत ब्रेक दाबल्यामुळे हब एवढा तापे की आतील ग्रीस जळून धूर निघे, आणि खाली पोहोचताच हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. या पुन्हा भरण्याच्या क्रियेवरून शर्यतीला ‘रीपॅक’ हे नाव पडले. १९७९ पर्यंत ती अनियमितपणे चालू होती; नंतर १९८३ आणि १९८४ मध्ये आणखी दोनदा झाली. फिशरची सर्वोत्तम वेळ ४ मिनिटे २२ सेकंद, ब्रीझची ४ मिनिटे २४ सेकंद आणि स्त्रियांमध्ये वेंडी क्रॅग हिची ५ मिनिटे २७ सेकंद. या वेळा आज सेकंदासह सांगता येतात, याचे कारण केलीने निकालांची वही जपून ठेवली आणि क्रॅग हिने छायाचित्रे काढून ठेवली. इतिहासलेखनाच्या दृष्टीने ही वही शर्यतीइतकीच महत्त्वाची आहे.

येथे थोडे थांबून एका शब्दाकडे लक्ष वेधले पाहिजे. ज्या क्रियेवरून रीपॅकला नाव मिळाले, ती क्रिया ठाणे-कल्याणच्या प्रत्येक सायकल दुकानात होत असे. चाक काढायचे, कोन सैल करायचे, छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, नवे ग्रीस भरायचे आणि पुन्हा आवळायचे. या कामास इंग्रजीतून आलेला शब्द ‘ओव्हरहॉलिंग’. दुकानात तो ‘ओव्हरऑइलिंग’ झाला. ‘सायकल ओव्हरऑइल करून घेतली’ हा प्रयोग महाराष्ट्रभर रूढ आहे. हा अपभ्रंश अज्ञानमूलक म्हणून हसण्यावारी नेला जातो, पण तो लोकव्युत्पत्तीचा उत्तम नमुना आहे. मूळ शब्दाचा उत्तरार्ध मराठी कानाला निरर्थक होता, समोर चाललेले काम तेलाग्रीसाचे होते, आणि शब्दाने कामाचे रूप घेतले. ‘चाकाचा आउट काढणे’ हा प्रयोगही असाच. वाकडे फिरणारे चाक ‘आउट’ झालेले असते, म्हणून दोष नाहीसा करणे म्हणजे ‘आउट काढणे’. कारागिराच्या भाषेत इंग्रजी विशेषण मराठी नाम होऊन बसले. फोर्कला चिमटा, वरच्या नळीला दांडी, बॉल-बेअरिंगला छर्रे ही नावे तर सरळ घरातलीच. सायकलीला ‘पायगाडी’ हा प्रतिशब्द मिळाला खरा, परंतु तो पुस्तकातच राहिला. दुकानाने आपली परिभाषा स्वतः घडवली.

ओव्हरऑइलिंग येथे साधारणतः वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर होई. रीपॅकमध्ये ते प्रत्येक उतारानंतर होई. वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या या फरकात दोन्ही इतिहासांचे अंतर सामावलेले आहे. मरिनमध्ये चार-साडेचार मिनिटांत यंत्रावर एवढा ताण पडे की त्यातील प्रत्येक उणीव लगेच उघडी पडावी. चिमटा वाकला, फ्रेम तडकली, ब्रेक जळाला, की तोच तरुण दुसऱ्या आठवड्यात दुसरा भाग बसवून पुन्हा उतारावर हजर. एका अर्थी ती शर्यत म्हणजे यंत्र मोडून पाहण्याची प्रयोगशाळा होती. आणि मोडणे परवडत होते, कारण फ्रेम पाच डॉलरांची होती आणि सोमवारची रोजी तिच्यावर अवलंबून नव्हती.

ठाणे-कल्याणच्या सायकलस्वारास ही मुभा नव्हती. सायकल हे कुटुंबाचे भांडवल होते. घरात एकच सायकल, बाप कामावर नेई आणि सुट्टीच्या दिवशी मुलगा दांडीखालून पाय घालून ‘हाफ पायडल’ शिके. ज्यांना तीही परवडत नसे, ते तासावर भाड्याने घेत. नगरपालिकेचा बिल्ला नसला, रात्री दिवा नसला किंवा मागे कोणी ‘डबल सीट’ बसलेला असला, तर पोलीस हवा सोडून देई वा दंड करी. अशा सायकलीचा चिमटा वाकणे म्हणजे दोन-तीन दिवसांची रोजी जाणे. म्हणून येथील प्रत्येक सुधारणा मोडणे टाळण्यासाठी झाली. दूधवाले, पाववाले, मासे व भाजी नेणारे यांच्या सायकलींकडे पाहिल्यास ही दिशा ध्यानी येते : पुढील चिमट्याला दोन्ही बाजूंनी जादा लोखंडी आधार, एकाऐवजी दोन दांड्या, जाड तारा, लोखंडी पट्ट्यांचे रुंद कॅरियर, दोन पायांचा भक्कम स्टँड. यांतील काही फेरफार पुढे कारखान्यांनी उचलले; ‘डबल दांडी’ची मालवाहू सायकल देशात सर्वत्र तयार होऊ लागली. म्हणजे आडवाटेच्या सायकलीची एक उत्क्रांती येथेही झाली. मरिनची उत्क्रांती वेगासाठी, येथील ओझ्यासाठी. पहिलीत यंत्र दरवर्षी हलके होत गेले, दुसरीत जड. पहिलीची वही राहिली. दुसरीच्या कारागिरांची नावेदेखील राहिली नाहीत, राहिली ती सुट्या भागांची नावे.

शर्यती महाराष्ट्रात नव्हत्या असे मात्र नाही. मुंबई–पुणे सायकल शर्यत ही अनेक दशकांची परंपरा आहे आणि भोर घाटाचा चढ सर्वांत आधी पार करणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळत आला आहे. परंतु ही शर्यत डांबरी रस्त्यावरची होती. तिने चढाची कसोटी घेतली, उताराची आणि खडीची घेतली नाही. तिच्यात उतरणाऱ्याचे स्वप्न इंग्लंड-इटलीहून आलेली हलकी सायकल हे असे. शर्यत ज्या गोष्टीची परीक्षा घेते, त्या दिशेने यंत्र सुधारते. मुरमाच्या वाटेची परीक्षा घेणारी शर्यत येथे कोणी लावलीच नाही. का लावावी? ज्याला रोज रात्री त्या वाटेने घरी जायचे आहे, त्याला रविवारी पुन्हा तिच्यावरून गंमत म्हणून धावण्याची इच्छा व्हावी, ही अपेक्षाच चमत्कारिक आहे. आडवाटेची क्रीडा होण्यासाठी ती आधी गरजेच्या कक्षेबाहेर जावी लागते.

कारखानदारीचा भागही विसरून चालणार नाही. मुंबईत वरळी येथील हिंद सायकल्स हा देशातील आरंभीच्या कारखान्यांपैकी एक. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तो सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर मद्रासेत टी. आय., आसनसोल येथे सेन-रॅले, सोनीपत येथे १९५१ मध्ये अॅटलस, लुधियानात १९५६ मध्ये हीरो असे कारखाने उभे राहिले. आयातीवर निर्बंध होते, परवान्यांची व्यवस्था होती, आणि मागणी एवढी प्रचंड की नवे काही करण्याचे प्रयोजन नव्हते. सर्वांनी तीच इंग्रजी रोडस्टर बनवली. याचा दोष देणाऱ्यांनी एक बाजू पाहिली पाहिजे. हिंदचा चिमटा अॅटलसला बसे आणि लुधियानाचे छर्रे कोणत्याही हबमध्ये चालत. मुरबाडच्या झाडाखालच्या दुकानदारालाही कोणतीही सायकल दुरुस्त करता येई. ही परस्परबदलता हेच त्या सायकलीचे सर्वांत मोठे सामर्थ्य होते, आणि तिनेच बदलास अटकाव केला. जाड टायर बसवायचे तर रिम बदलावी लागते, रिम बदलली की चिमट्याची रुंदी आणि ब्रेक बदलतात, आणि मग गावातल्या दुकानात एकही भाग मिळत नाही. हिंद सायकल्सचे १९८० मध्ये कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले. तोपर्यंत मरिनमध्ये चित्र पालटून गेले होते.

तेथे ब्रीझ हा स्वतः फ्रेम बांधणारा कारागीर होता. १९७७ च्या शरदात त्याने क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांपासून खास या कामासाठी पहिली सायकल बांधली. त्या मालिकेतील दहा सायकली १९७८ पर्यंत पूर्ण झाल्या. पहिली आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आकार जुन्या श्विनचा, वजन पुष्कळ कमी. स्वार, दुरुस्ती करणारा आणि बांधणारा हे तिघे तेथे एकाच देहात होते. ठाण्यात स्वार कल्याणचा, दुरुस्ती करणारा स्टेशनाजवळचा आणि बांधणारा लुधियानाचा. तक्रार एकाकडून दुसऱ्याकडे जाई, तिसऱ्यापर्यंत पोहोचत नसे. १९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी टॉम रिची याने बांधलेल्या फ्रेमवर ‘माउंटनबाइक्स’ नावाने धंदा सुरू केला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची, जपानात घाऊक प्रमाणावर तयार झालेली ‘स्टम्पजंपर’ आली. पुढील वर्षी जपानी कंपन्यांनी या सायकलींसाठी स्वतंत्र गिअर-संच काढले. १९८९ मध्ये पुढील चिमट्यात तेल व हवेचा धक्काशोषक बसवणारी रॉकशॉक्स आली. १९९० मध्ये ड्युरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा क्रीडाप्रकार समाविष्ट झाला. हौसेपासून ऑलिंपिकपर्यंत अवघी वीस वर्षे.

ठाणे-कल्याणपर्यंत ही सायकल आली ती १९९० च्या दशकात, आणि आली ती प्रथम रूपाने. सरळ हँडल, २६ इंची चाके, गोट्यांसारख्या गाठींचे जाड टायर, भडक रंग. आत मात्र बहुधा एकच गती आणि साधे लोखंड. हीरो कंपनीच्या ‘रेंजर’ या नाममुद्रेवरून अशा प्रत्येक सायकलीला, ती कोणत्याही कंपनीची असो, ‘रेंजर’ म्हणण्याचा प्रघात पडला. विशेषनामाचे सामान्यनाम होणे भाषेत नवे नाही. वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणण्याच्याच वर्गातला हा प्रकार. विशेष एवढेच की मराठीने ‘माउंटन बाइक’ या वर्णनात्मक नावाला जागा दिली नाही. डोंगराशी या सायकलीचा संबंध आहे, हे बोलणाऱ्यांना जाणवलेच नसावे. ती शाळकरी मुलाची सायकल होती. बापाची ‘साधी सायकल’ आणि मुलाची ‘रेंजर’ अशी विभागणी झाली. गंमत अशी की ज्या मुरमाच्या वाटांसाठी तिची घडण झाली, त्या वाटा याच काळात डांबरी आणि पुढे काँक्रीटच्या झाल्या, आणि डोंबिवलीभोवतीच्या भातखाचरांत इमारती उठल्या. साधी सायकल कच्च्या वाटेवर झिजली. रेंजर पक्क्या रस्त्यावर मिरवली.

क्रीडा म्हणून आडवाटेची सायकल देशात रुजली ती एकविसाव्या शतकात. हिमाचल प्रदेशात २००५ पासून बहुदिवसीय शर्यती होऊ लागल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळातील पोनमुडी येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धा भरली. ठाण्यात या हौसेचे ठिकाण येऊर. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीतील या चढावर पहाटे गिअरच्या सायकली दिसतात. धक्काशोषक आणि डिस्क ब्रेक असलेल्या या सायकली पुष्कळदा डांबरी रस्त्यावरूनच वर जाऊन खाली येतात. आत जंगलात शिरणाऱ्या वाटा आहेत, पण त्या पाड्यांवरील लोकांच्या नित्याच्या वाटा आहेत आणि तेथे वनखात्याचे नियम आहेत. हा प्रश्न मरिनमध्येही उद्भवला होता. तमाल्पाइसच्या अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या, रुंद कच्च्या रस्त्यांवर ताशी १५ मैलांची मर्यादा आली, आणि पायी व घोड्यावरून फिरणाऱ्यांशी वाद होऊन १९८८ मध्ये सायकलस्वारांना आपली आंतरराष्ट्रीय संघटना काढावी लागली. तेथील वाद दोन प्रकारच्या विरंगुळ्यांमधला होता. येऊरला एका बाजूस विरंगुळा आहे आणि दुसऱ्या बाजूस रानातून डोक्यावर मोळी घेऊन येणारी बाई. या वादाला मरिनचा निवाडा लावता येणार नाही.

या विषयाच्या पुढील अभ्यासासाठी साधने अजून शिल्लक आहेत, पण ती ग्रंथालयात मिळणार नाहीत. भाड्याच्या सायकलींच्या नोंदवह्या, नगरपालिकांच्या सायकल-कराची पुस्तके, चिमट्याला आधार जोडून देणाऱ्या लोहारांच्या आणि वेल्डिंग करणाऱ्यांच्या स्मृती यांचे संकलन झाल्यास ओझ्याच्या सायकलीचा कालक्रम लावता येईल. भागांच्या नावांचा जिल्हावार कोश झाल्यास कोणता फेरफार कोठून कोठे गेला, हेही काही अंशी उकलेल. कल्याण-डोंबिवलीतील जुन्या दुकानांपैकी कित्येक बंद झाली, काहींनी मोटारसायकलींचे काम धरले. जी राहिली, त्यांच्याकडे आता सत्तावीस गतींची, परदेशी बनावटीची डोंगरी सायकलही दुरुस्तीस येते. तिच्या हबमध्ये पुष्कळदा छर्ऱ्यांऐवजी बंदिस्त बेअरिंग असते, ते उघडून ग्रीस भरण्याचा प्रश्नच येत नाही. काम झाल्यावर दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतो ते मात्र ‘ओव्हरऑइल करून ठेवली आहे’ असेच.